वीस हेक्टरची टाकी

उत्तर चौकटीत लिहिलेलं होतं. खाली पट्टीने ओढलेल्या दोन रेघा. ‘टाकीचं क्षेत्रफळ = २,००,००० चौ. मी.’ आणि बाजूला समासात माझ्या लाल पेनाने दिलेले गुण: दहापैकी सहा.

पदवीच्या मान्यतेसाठी पाहणीला आलेल्या समितीतले एक ज्येष्ठ प्राध्यापक ती उत्तरपत्रिका उघडून माझ्यासमोर बसले होते. आवाज जराही न चढवता त्यांनी विचारलं, “मॅडम, ही टाकी किती मोठी झाली?”

मी मनात हिशोब केला आणि हातपाय गार पडले. वीस हेक्टर. फुटबॉलची अठ्ठावीस मैदानं मावतील एवढी. प्रश्न असा होता: दिवसाला ६० लाख लिटर पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रासाठी गाळ खाली बसवायच्या टाकीचं डिझाइन करा. टाकीच्या दर चौरस मीटरला दिवसाला ३० घनमीटर पाणी, हे प्रमाण प्रश्नातच दिलेलं. ६० लाख लिटर म्हणजे ६,००० घनमीटर, भागिले ३०, की टाकी आली २०० चौरस मीटरची. व्हॉलीबॉलच्या कोर्टाहून थोडी मोठी. या विद्यार्थ्याने लिटरचे घनमीटर केलेच नव्हते. साठ लाखांना थेट तीसने भागून तो हजारपट मोठी टाकी मांडून मोकळा झाला होता. सूत्र बरोबर, पायऱ्या बरोबर, आकृती नीटनेटकी. म्हणून सहा गुण. तपासताना ते दोन लाख मला दिसले नव्हते असं नाही. दिसले होते, आणि ‘एककाची चूक’ एवढं म्हणून मी पान उलटलं होतं.

“आणि हा विद्यार्थी तुमच्या तक्त्यात कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

तक्त्यात तो ‘साध्य’च्या रकान्यात होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी आमच्या विभागाची मूल्यांकन समन्वयक होते. पुढे मला इतर ठिकाणी पाहणीला जाणाऱ्या समित्यांवरही काम करायला मिळालं, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं. गेल्या आठवड्यात एका तरुण सहकाऱ्याने फाइलींच्या ढिगाऱ्यातून मान वर करून विचारलं, “मॅडम, खरं सांगा, या मूल्यांकनाने शिकवणं सुधारतं का?” तेव्हा मी त्याला उभ्या-उभ्या काहीतरी सांगितलं. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि माझं उत्तर अपुरं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक घोळ दूर करायला हवा, कारण पालकच काय, प्राध्यापकसुद्धा तो करतात. संस्थेचं मूल्यांकन वेगळं आणि पदवी कार्यक्रमाचं मूल्यांकन वेगळं. संस्थेच्या मूल्यांकनात सगळं विद्यापीठ किंवा महाविद्यालय कसं चाललं आहे ते बघतात: कारभार, ग्रंथालय, संशोधन, विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी. भारतात ते काम नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिमान्यता परिषद, करते. कार्यक्रमाच्या मान्यतेत एकच पदवी हातात घेतात आणि विचारतात, हा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणाऱ्याला जे येईल असं तुम्ही म्हणता, ते त्याला येतं का? अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी भारतात हे काम एनबीएकडे, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनकडे आहे. दोन्ही संस्था १९९४ सालच्या. त्यामुळे प्रवेशद्वारावर कितीही चांगली श्रेणी झळकत असली, तरी आत तुमच्या शाखेच्या पदवीला मान्यता असेलच असं नाही. एकाच इमारतीत दोन शाखांना मान्यता असते आणि तिसरीला नसते.

आणि ती मान्यता कायमची नसते. तिला तारीख असते. ही तारीख म्हणजे काय, ते मला एका माजी विद्यार्थ्याच्या ईमेलने शिकवलं. तो परदेशात नोकरीला लागला होता आणि तिथल्या व्यावसायिक नोंदणीसाठी अर्ज करत होता. अर्जात एक साधा प्रश्न होता: तुम्ही पदवी घेतली त्या वर्षी तुमचा कार्यक्रम मान्यताप्राप्त होता का? त्याने मला विचारलं आणि मी कागद काढून बघितले. आमची आधीची मान्यता संपली होती, नव्याने अर्ज करायला आमच्याकडून उशीर झाला होता, आणि त्याची तुकडी बरोबर मधल्या फटीत सापडली होती. त्याच्या आधीच्या तुकडीला मान्यता, त्याच्या नंतरच्या तुकडीला मान्यता, त्याला नाही. शिक्षक तेच, प्रयोगशाळा त्याच, प्रश्नपत्रिकाही जवळपास त्याच. त्याला आपली प्रत्येक विषयाची माहिती, अभ्यासक्रमाचे तपशील, प्रकल्पाचा अहवाल असं सगळं जमवून वैयक्तिक पडताळणीतून जावं लागलं. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. फाइल वेळेवर न लिहिण्याची किंमत फाइल लिहिणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती अशा कुणाला तरी मोजावी लागते.

त्या अर्जातल्या प्रश्नामागे वॉशिंग्टन करार आहे. १९८९ साली अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सहा देशांतल्या अभियांत्रिकी मान्यता संस्थांनी ठरवलं, की आपण एकमेकांच्या पद्धती तपासून घेऊ आणि तुम्ही मान्य केलेली पदवी आम्ही आमच्या पदवीच्या तोडीची धरू. पुढे इतर देश त्यात आले, भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. या करारात एक बारकावा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एका देशाने दुसऱ्या देशातल्या प्रत्येक महाविद्यालयात जाऊन बघणं शक्य नाही. म्हणून ते तपासणाऱ्यांची तपासणी करतात. तुमची समिती भेटीला जाते तेव्हा काय विचारते, कशावर समाधान मानते, नाही म्हणायची हिंमत दाखवते का, हे बघतात. म्हणजे माझ्या एका उत्तरपत्रिकेपासून समुद्रापलीकडच्या एखाद्या नोंदणी कार्यालयातल्या शिक्क्यापर्यंत विश्वासाची एक लांब साखळी आहे. त्या दिवशी त्या साखळीची एक कडी माझ्यासमोर टेबलावर पडली होती, आणि तिच्यात वीस हेक्टरची टाकी होती.

त्या तक्त्याकडे परत येते, कारण खरी चूक उत्तरपत्रिकेत कमी आणि तक्त्यात जास्त होती.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पदवी कार्यक्रमाची काही फलितं, म्हणजे पदवी घेताना विद्यार्थ्याला काय यायला हवं ते, ठरलेली असतात, त्यांना सगळे पीओ म्हणतात. आमच्या वेळी ती बारा होती: अभियांत्रिकीचं ज्ञान, समस्येचं विश्लेषण, डिझाइन, तपास, समाज, पर्यावरण, नीती, संवाद अशी. मग प्रत्येक विषयाची चार-सहा फलितं, म्हणजे सीओ. कोणता सीओ कोणत्या पीओला किती हातभार लावतो याचा १, २, ३ असा तक्ता, म्हणजे मॅपिंग. आणि शेवटी विद्यार्थ्यांच्या गुणांवरून प्रत्येक सीओ किती साध्य झाला याचा आकडा, म्हणजे अटेनमेंट. विभागात दिवसभर हेच शब्द कानावर पडतात. “सरांचं मॅपिंग झालं का?”, “मॅडमची अटेनमेंट यायची आहे.”

माझ्या विषयाचा चौथा सीओ असा होता: ‘दिलेल्या गरजेनुसार जलशुद्धीकरण केंद्रातल्या घटकांचं डिझाइन करता येईल.’ सगळ्या विषयाचा प्राण हाच. बाकीचे तीन सीओ म्हणजे वर्णन करा, स्पष्ट करा, फरक सांगा. या चौथ्या सीओवर प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न होता, सहावा. आणि प्रश्नपत्रिकेच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘कोणतेही पाच प्रश्न सोडवा.’

वर्गात ६२ विद्यार्थी. त्यांतल्या ५३ जणांनी सहावा प्रश्न सोडून दिला. का सोडणार नाहीत? आकडेमोड आहे, चुकायची भीती आहे आणि बाकीचे पाच पाठांतरावर निघतात. ९ जणांनी सोडवला. निम्मे किंवा त्याहून जास्त गुण ८ जणांना. आमचा नियम असा होता, की ६० टक्के विद्यार्थी निम्मे गुण ओलांडतील तर पातळी १, ७० टक्के असतील तर २, ८० टक्के असतील तर ३. टक्केवारी कुणाची काढायची? प्रश्न सोडवणाऱ्यांची. नऊपैकी आठ म्हणजे ८९ टक्के. पातळी ३.

कागदावर माझा सगळ्यात अवघड सीओ सगळ्यात उत्तम साध्य झाला होता. मी तो आकडा स्वयंमूल्यमापन अहवालात अभिमानाने भरला होता. संगणकावरच्या तक्त्याने एकही चूक केली नव्हती. त्या आठांमध्ये वीस हेक्टरवालाही होता.

ते सर म्हणाले, “उरलेल्या त्रेपन्न जणांना टाकीचं डिझाइन येतं का?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. त्या तीन दिवसांत मी दिलेलं सगळ्यात खरं उत्तर तेच होतं.

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मला वाटलं, आता संपलं. पण ते म्हणाले, “हे माहीत नाही, हे तुम्हाला आज कळलं. पुढच्या वर्षी मला याच पानावर काय बदललं ते दाखवा. बाकी फाइली चांगल्या आहेत.” आणि चहा न घेता पुढच्या टेबलाकडे गेले.

मला त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट नंतर उमगत गेली. त्यांनी एकही जाडजूड फाइल मागितली नव्हती. एका विषयाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागितला होता, त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न शोधला होता आणि तो सोडवलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका बाजूला काढल्या होत्या. आम्ही दोन महिने जे मांडून ठेवलं होतं त्याच्यापासून दूर, आम्ही जे मांडलं नव्हतं तिथे ते गेले. मी स्वतः पाहणीला जायला लागले तेव्हा हेच करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी, सादरीकरण संपलं की, मी एक विषय निवडते आणि तीन उत्तरपत्रिका मागते: वरच्या गुणांची, मधली आणि काठावर उत्तीर्ण झालेली. काठावरची सगळ्यात जास्त बोलते. ज्याला आपण पदवी देतो आहोत अशा सगळ्यात कच्च्या विद्यार्थ्याला काय येतं, ते तिच्यात असतं. पदवीची खरी हमी तेवढीच आहे. पहिल्या आलेल्या मुलीला आपण काहीही शिकवलं नसतं तरी तिला बरंच आलं असतं.

सहकाऱ्याच्या प्रश्नात जी चीड आहे ती मला कळते. पाहणीला गेल्यावर मी काय-काय बघितलं आहे! चार वर्षांच्या सभांची इतिवृत्तं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली असली की ओळखू येतात. मॅपिंगच्या तक्त्यात ओळीने ३, ३, ३ भरलेले असतात, अगदी गणिताच्या विषयापुढे ‘समूहकार्य’ आणि ‘नीती’ यांनाही. विद्यार्थ्यांचे अभिप्राय असतात, पण त्यांतल्या एकाही तक्रारीचं पुढे काय झालं ते कुठेच नसतं. हे सगळं लिहिणारे लोक खोटारडे नसतात. दिवसाला चार तास शिकवून, प्रयोगशाळा सांभाळून, रात्री जागून त्यांनी ते लिहिलेलं असतं. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, की फाइल भरलेली दिसली पाहिजे. आणि फाइल भरलेली आहे एवढ्यावर समाधान मानून परत गेलेली एखादी समिती त्यांनी आधी पाहिलेली असते. चांगली समिती आणि वाईट समिती यांत फार मोठा फरक पडतो, तो इथे. वाईट समिती शंभर प्राध्यापकांना चुकीचं काम मन लावून करायला शिकवून जाते.

पूर्वी हे सोपं होतं, कारण मोजायच्या गोष्टी सोप्या होत्या. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पदव्यांची तपासणी करणारी संस्था १९३२ मध्ये उभी राहिली. ती आज अ‍ॅबेट म्हणून ओळखली जाते. १९३६ मध्ये तिने पहिले कार्यक्रम तपासले. पुढची कित्येक दशकं तपासणी म्हणजे मुख्यतः मोजणी होती. गणिताचे तास किती, शिक्षक किती, यंत्रं कोणती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी निकष उलटे केले: तुम्ही काय पुरवता ते बाजूला ठेवा, विद्यार्थी काय करू शकतो ते दाखवा. आज आपण ज्या पीओ आणि सीओच्या भाषेत बोलतो तिच्यामागे तो बदल आहे. मला हा बदल मनापासून पटतो. प्रयोगशाळेत यंत्र आहे हे पावती दाखवून सिद्ध होतं, विद्यार्थ्याला ते चालवता येतं हे पावतीने सिद्ध होत नाही. पण मोजणीला एक गुण होता. खोटं बोलायला यंत्र लपवावं किंवा आणावं लागायचं. फलितांच्या तक्त्यात खोटं बोलायलाही लागत नाही. माझ्यासारखं, नियम पाळून चुकीचं उत्तर काढता येतं.

आणि तपासणी ही आपोआप चांगली गोष्ट आहे, असंही मी मानत नाही. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालयं फिरून अहवाल लिहिला. ते स्वतः डॉक्टर नव्हते, पूर्वी शाळेत शिक्षक असलेले गृहस्थ होते. प्रयोगशाळा आहे का, रुग्णालयाशी जोडणी आहे का, प्रवेशाला काही किमान पात्रता आहे का, हे त्यांनी विचारलं, आणि अनेक ठिकाणी नुसती फी घेऊन पदवी वाटली जात होती हे उघड झालं. त्यानंतर कितीतरी महाविद्यालयं बंद पडली किंवा दुसऱ्यांत विलीन झाली, आणि वैद्यकीय शिक्षण सुधारलं हे खरंच आहे. पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीची सात महाविद्यालयं होती, त्यांतली पाच बंद झाली. हॉवर्ड आणि मेहॅरी उरली. ज्या समाजाला आपल्यातल्या डॉक्टरांची सगळ्यात जास्त गरज होती त्याची दारं मिटली. निकष लावणाऱ्याने ‘हे दार बंद केल्यावर ही मुलं कुठे जातील’ हा प्रश्न आपल्या प्रश्नावलीत धरायला हवा. एखाद्या लहान, अडचणीतल्या विभागाच्या अहवालावर ‘त्रुटी’ असा शब्द लिहिताना मला हे दरवेळी आठवतं. शब्द टाळत नाही, पण त्याच्याखाली काय केलं तर ती त्रुटी भरून निघेल हे लिहिल्याशिवाय सही करत नाही.

युरोपातली एक पद्धत मात्र आपण सगळ्यांनी उचलावी असं मला फार वाटतं. १९९९ मध्ये २९ देशांनी आपापल्या उच्च शिक्षणाच्या पद्धती एकमेकांशी जुळवून घेण्यासाठी बोलोन्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि त्यातून पुढे २००५ मध्ये गुणवत्तेची समाईक मानकं आली. ती २०१५ मध्ये सुधारली. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे, की गुणवत्तेची पहिली जबाबदारी खुद्द विद्यापीठाची, बाहेरच्या समितीची नाही. आणि पाहणीच्या समितीत विद्यार्थी सदस्य असला पाहिजे. मुलाखतीसाठी समोर बसवलेला नव्हे, तर टेबलाच्या अलीकडे बसून प्रश्न विचारणारा. ‘कोणतेही पाच सोडवा’ ही ओळ मी पंधरा वर्षं वाचत होते आणि मला तिच्यात काही खटकलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्याने सांगितलं असतं, की सहावा प्रश्न कुणीच सोडवत नाही.

तर पुढच्या वर्षी मी काय बदललं.

सहावा प्रश्न सक्तीचा केला. गुणांची वाटणी बदलली: सूत्र आणि मांडणीला चार, एककांसह आकडेमोडीला चार, आणि शेवटचे दोन गुण एका ओळीसाठी, ‘आलेलं उत्तर प्रत्यक्षात शक्य आहे का? कसं ठरवलंत?’ टक्केवारी काढताना भाजक म्हणून सगळा वर्ग धरला.

निकाल लागला. ६४ पैकी २७ जणांनी निम्मे गुण गाठले. ४२ टक्के. पातळी शून्य. मागच्या वर्षी ३, या वर्षी ०.

विभागाच्या सभेत तो आलेख पडद्यावर आला तेव्हा कुणी बोलेना. मग एकाने सुचवलं, निम्म्या गुणांऐवजी ४० टक्क्यांची रेघ धरली तर? दुसऱ्याने म्हटलं, प्रश्न परत ऐच्छिक करू, समिती परत यायला वेळ आहे. विभागप्रमुख सरांच्या चेहऱ्यावरची काळजी मला दिसत होती आणि ती खोटी नव्हती. मान्यता गेली तर काय होतं, हे त्या ईमेलने आम्हा सगळ्यांनाच दाखवलं होतं. मी एवढंच म्हटलं, “सर, मागच्या वर्षीही हा आकडा शून्यच होता. आपल्याला दिसत नव्हता.” ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ठेवा. पण त्याच्याखाली कारण लिहा, आणि काय करणार आहात ते तारखेनिशी लिहा.”

मी लिहिलं. डिझाइनचे दोन जादा तास लावले. आणि दुसरं म्हणजे मुलांना जलशुद्धीकरण केंद्रावर नेलं. सहल म्हणून आधीही नेत होतो, माहिती ऐकून परत यायचं. या वेळी प्रत्येकाला टाकीच्या कडेने चालायला लावलं. लांबीची पावलं मोजा, रुंदीची मोजा, क्षेत्रफळ काढा, आणि मग केंद्राच्या अभियंत्यांना दिवसाला किती पाणी येतं ते विचारून वहीतल्या सूत्राशी ताडून बघा. एक मुलगी पावलं मोजता-मोजता मध्येच थांबली आणि म्हणाली, “मॅडम, ही तर केवढीशी आहे!” तिच्या डोक्यात टाकी म्हणजे काहीतरी अवाढव्य होतं. पुस्तकातल्या आकृतीला मोजमाप असतं, पण आकार नसतो, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. इतकी वर्षं मी फळ्यावर चौकोन काढून पुढे जात होते.

तिसऱ्या वर्षी ५८ पैकी ४१. जवळपास ७१ टक्के, पातळी २. चढता-उतरता आलेख दिसायला वाईट दिसतो. ३, ०, २. पण त्यातला प्रत्येक आकडा कशामुळे आला हे मला आता सांगता येतं, आणि शेवटचा माझ्या विद्यार्थ्यांबद्दल काहीतरी खरं सांगतो.

त्या तिसऱ्या वर्षीच्या उत्तरपत्रिका तपासत असताना रात्री एक पान समोर आलं. तेच गणित, आकडे वेगळे. मुलाने क्षेत्रफळ काढलं होतं, दीड लाख चौरस मीटर, आणि चौकटही केली होती. मग त्या चौकटीवर एक आडवी रेघ. खाली घाईघाईच्या अक्षरात लिहिलेलं: ‘एवढी मोठी टाकी नसते. आपण चालत गेलो होतो. लिटरचे घनमीटर करायचे राहिले.’ आणि त्याखाली नव्याने केलेलं गणित, १५० चौरस मीटर.

मी लाल पेन खाली ठेवलं आणि ते पान पुन्हा एकदा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स काढून कोर्स फाइलमध्ये लावली, जिथे आधी मॅपिंगचा तक्ता असायचा तिथे. पुढची समिती आली तेव्हा त्यांनी दुसरेच विषय निवडले, ती फाइल उघडली गेली नाही. झेरॉक्स अजून तिथेच आहे. त्या तरुण सहकाऱ्याला उद्या दाखवणार आहे.